वाळवंटातला सरडा घरी पाळावा काय?

(आकाशवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना हसू येईल. गाय घ्यावी की म्हैस, पोपट पाळावा की मैना, असा प्रश्न निघाला तर कोणी हसत नाही. परंतु सरडा? तोही वाळवंटातला? तथापि हा प्रश्न मी भाषणासाठी रचलेला नाही. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील धूलकोट या सातपुड्याच्या डोंगराळ भागातील गावच्या एका नववीतल्या विद्यार्थ्याने तो मला विचारला आहे, आणि त्याच्या घरी त्याचा निर्णय अजून व्हावयाचा आहे. मुलाचे नाव मी सांगणार नाही. तसे मी त्यास कबूल केले आहे.

मुलगा हुशार आहे, आणि सरड्यांच्या बाबतीत तर आम्हां शिक्षकांपेक्षाही अधिक जाणतो. त्याच्यापुढे सध्या दोन गोष्टी आहेत. इंदुरात नोकरीस असलेला त्याचा मामा ऑस्ट्रेलियातला दाढीवाला सरडा आणून देण्यास तयार आहे. दुकानदार त्याला 'बिअर्डेड ड्रॅगन' म्हणतात. दुसरीकडे, जत्रेत भेटलेल्या एका फिरत्या विक्रेत्याने त्याला कच्छकडचा जिवंत सांडा अगदी थोडक्या पैशांत देऊ केला आहे. वडील कापूस आणि तूर पिकविणारे, मोजके बोलणारे गृहस्थ. त्यांनी "नाही" म्हटले नाही. "सरांना विचार, मग पाहू," एवढेच सांगितले. आता अशा वेळी शिक्षकाने "हे कसले खूळ!" म्हणून हात झटकणे सोपे असते. पण मुलाने आपल्या बाजूने जो मुद्दा मांडला तो असा झटकून टाकण्यासारखा नाही. तो म्हणाला, "सर, थंड मुलखातल्या लोकांना वाळवंटी सरड्यासाठी दिवे लावून खोली तापवावी लागते. आपल्या निमाडात तर देवानेच दिवा लावून ठेवला आहे. मग तो इथे सुखी का राहणार नाही?"

या युक्तिवादाकडे मी नंतर वळेन. आधी त्या सांड्याचा विचार करू, कारण त्याचा निकाल लवकर लागतो.

सांडा हा आपल्याच देशाचा रहिवासी. राजस्थानचे थरचे वाळवंट, कच्छ आणि त्यांच्या आसपासचे कोरडे प्रदेश हे त्याचे घर. चुरू जिल्ह्यातील ताल छापर येथे काळविटांसाठी अभयारण्य आहे. तेथील गवताळ सपाटीवर सांड्यांची बिळे मोठ्या संख्येने आढळतात. शास्त्रज्ञांनी त्याला १८२७ साली नाव दिले ते हार्डविक या बंगालच्या तोफखान्यातील इंग्रज अधिकाऱ्यावरून. प्रौढ सांड्याची लांबी शेपटीसह चाळीस सेंटिमीटर किंवा त्याहून थोडी अधिक असते. रंग वाळूसारखा, डोके बोथट, आणि शेपटीवर काट्यांच्या रांगाच रांगा. दिसावयास असा उग्र; पण आपल्या देशातील सरड्यांत प्रौढपणी मुख्यतः झाडपाल्यावर जगणारा हा एकटाच. लहानपणी तो किडे खातो, पुढे गवत, पाने, फुले आणि शेंगा यांवर त्याचे भागते. पाणी तो क्वचितच पितो. पाल्यातील ओलाव्यावरच त्याची तहान भागते. एका बिळात एकच सांडा राहतो. सायंकाळी तो आत शिरतो आणि आतून माती लावून दार बंद करून घेतो. थंडीचे महिने तो त्याच बिळात निजून काढतो.

हा निरुपद्रवी प्राणी माणसाच्या तडाख्यात सापडला तो शेपटीतल्या चरबीमुळे. दुष्काळी दिवसांची ती त्याची शिदोरी. जत्रेत, आठवडी बाजारात, रेल्वे स्टेशनाबाहेर पथारी मांडून, स्टोव्हवर कढई ठेवून 'सांड्याचे तेल' विकणारे लोक अनेकांनी पाहिले असतील. सांधेदुखीवर उपाय म्हणून आणि पुरुषांच्या दुर्बलतेवर औषध म्हणून ते खपविले जाते. तेल म्हणजे दुसरे काही नसून कोणत्याही प्राण्याच्या चरबीत असावे तसेच मेद होय. त्यात औषधी असे काही नाही. पथारीवर चार-पाच जिवंत सांडे मांडलेले असतात आणि ते पळत का नाहीत याचे बघ्यांस नवल वाटते. कोमल मनाच्या श्रोत्यांनी मला क्षमा करावी, पण हे सांगितलेच पाहिजे: ते पळत नाहीत, कारण त्यांची पाठ मोडलेली असते. पकडल्याबरोबर पारधी कमरेपाशी कणा मोडतात. प्राणी कित्येक दिवस जिवंत राहतो, मान हलवितो, डोळे मिटतो, उघडतो. फक्त चालू शकत नाही.

तेव्हा जत्रेतून आणलेला सांडा हा बहुधा असाच, अर्धा मेलेला जीव असतो. मुलाला वाटते आपण त्याला कढईतून सोडविले. विक्रेत्यास मात्र एवढेच कळते की सांडा खपतो. पुढल्या खेपेस तो दोन आणतो. शिवाय हा कायद्याचाही प्रश्न आहे. वन्यजीव संरक्षणाचा कायदा आपल्याकडे १९७२ साली झाला आणि सांडा त्यातील संरक्षित प्राण्यांच्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा घरी बाळगणे या सर्वच गोष्टी गुन्ह्यात मोडतात आणि त्यांस तुरुंगवासाची शिक्षा आहे. "आम्ही प्रेमाने पाळला," हे उत्तर तेथे चालत नाही. म्हणून सांड्याच्या बाबतीत माझे उत्तर एका शब्दाचे: नको.

येथे कोणी म्हणेल, आमच्या ओसरीवर पोपटाचा पिंजरा टांगलेला आहे, तेव्हा कायदा कोठे गेला? प्रश्न रास्त आहे. आपल्या देशातील रानपक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून बंद आहे, आणि तरीही गावोगाव पोपट पिंजऱ्यात मिरची खात बसलेला दिसतो. पोपटाला आपण 'मिठू' म्हणतो, तो दोन शब्द बोलतो, एवढ्यावरून त्याची कैद आपणांस कैद वाटेनाशी झाली आहे. पण एक अन्याय अंगवळणी पडला म्हणून दुसऱ्याची सवय लावून घ्यावी काय?

आता ऑस्ट्रेलियाचा पाहुणा. येथे प्रश्न इतका सरळ नाही.

हा दाढीवाला सरडा ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील भागात, समुद्रापासून दूर आत, रखरखीत माळरानात आणि विरळ झाडीत राहतो. भय वाटले किंवा राग आला की तो गळ्याखालची काटेरी कातडी फुगवितो आणि ती काळी पडते. तीच त्याची दाढी. लांबी शेपटीसह सुमारे अर्धा मीटर. स्वभावाने अतिशय शांत. माणसाच्या खांद्यावर तासन्‌तास बसून राहतो. युरोप-अमेरिकेत तो लाखो घरांत पाळला जातो तो या स्वभावामुळेच. ऑस्ट्रेलियाने आपले रानटी प्राणी व्यापारासाठी देशाबाहेर पाठविण्यास कित्येक दशकांपासून बंदी केली आहे. तरीही तो जगभर पोहोचला आहे, याचा अर्थ त्याचे पूर्वज कोणाच्या तरी पेटीतून चोरून बाहेर आले असले पाहिजेत. आजचे सरडे मात्र पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले आहेत आणि त्यांच्या खरेदीने ऑस्ट्रेलियातील माळराने ओस पडत नाहीत. सांड्याच्या मानाने ही बाजू स्वच्छ म्हणावी लागेल.

तरीही मामाने दुकानात पैसे टाकण्यापूर्वी काही कागद मागावेत. परदेशी प्राणी या देशात आणावयास परवाना लागतो. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीचा करार १९७३ साली वॉशिंग्टन येथे झाला आणि भारत त्यात १९७६ साली सामील झाला. त्या करारातील जातींचे प्राणी घरी असणाऱ्यांनी नोंदणी करावी, अशी तरतूद आपल्या कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने आली. दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि नोंदणीचे नियम २०२४ साली निघाले. दुकानदार "कशाची काळजी करू नका" म्हणेल. दुकानदाराचे ते कामच आहे. प्राणी कोठे जन्मला, कोणाकडून आला, या जातीस नोंदणी लागते की नाही, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे आणि तो कागद आपल्या भागातील वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यास दाखवून मग पुढे जावे. लेखी देण्यास दुकानदार कां-कूं करू लागला तर समजावयाचे ते समजावे.

समजा, कागद बरोबर निघाले. आता त्या मुलाच्या मुद्द्याकडे येऊ: वाळवंटी प्राण्यास निमाडचा उन्हाळा मानवेल की नाही?

ही समजूत फार जुनी आहे आणि केवळ मुलांचीच नाही. एके काळी शास्त्रज्ञांनाही वाटत असे की सरपटणाऱ्या प्राण्यांचे रक्त 'थंड' असते, भोवतालचे तापमान तेच त्यांचे तापमान, आणि वाळवंटातील सरडे त्या भट्टीत राहण्यासाठीच घडविलेले आहेत. अमेरिकेत रेमंड कौल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोघा संशोधकांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात या गोष्टीचा छडा लावला आणि १९४४ साली आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांना आढळले ते उलटेच. वाळवंटातील सरड्याला सावलीचा आसरा न मिळू देता भर उन्हात ठेवले तर तो फार थोड्या वेळात मरतो. मोकळा सरडा मात्र दिवसभर आपल्या अंगाचे तापमान काही अंशांच्या आतच राखतो. कसे? सकाळी उन्हाला अंग देऊन. तापल्यावर झुडपाच्या सावलीस जाऊन. दुपारी बिळात उतरून. पुन्हा सायंकाळी दगडावर येऊन. आपण घाम गाळतो, कुत्रा धापा टाकतो, तसा सरडा चालतो. त्याची सारी शहाणीव या चार पावलांत आहे.

आपल्याकडे 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' अशी म्हण आहे. कोणाची कुवत थोडी आहे हे दाखविण्यासाठी आपण ती वापरतो. पण कुंपणापर्यंतची ती धाव म्हणजे उन्हातून सावलीत जाण्याची धाव असेल, तर तीवर त्याचा जीव अवलंबून असतो.

आता काचेची पेटी डोळ्यांपुढे आणा. चार फूट लांब, दोन फूट रुंद. तीत ऊन कोठे आणि सावली कोठे, हे सरडा ठरवीत नाही, पाळणारा ठरवितो. जाणकार सांगतात की पेटीच्या एका टोकास तापण्याची जागा चाळीस अंशांच्या जवळपास हवी आणि दुसरे टोक पंचविसांच्या आसपास थंड हवे, म्हणजे त्याला निवड करता येते. आता धूलकोटचा मे महिना घ्या. पारा चव्वेचाळीसवर जातो. पत्र्याच्या छपराखाली तर त्याहून अधिक. त्या दिवशी पेटीचे थंड टोक आणावयाचे कोठून? सांडा अशा वेळी जमिनीखाली निघून जातो. दाढीवाला सरडा झाडाच्या सावलीत किंवा भेगेत शिरतो. काचेला ना जमीन आहे ना भेग. देवाने लावलेला दिवा विझविता येत नाही, हीच तर अडचण आहे. थंड मुलखातल्या माणसाला पेटी तापवावी लागते, आम्हांला ती निववावी लागेल. आणि तापविण्यापेक्षा निवविणे नेहमीच अवघड आणि खर्चाचे असते.

थंडीत उलट. डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याच्या पायथ्याशी रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. सरड्याचे अन्न पचते ते उष्णतेने. अंग पुरेसे तापले नाही तर खाल्लेला घास पोटात तसाच पडून कुजतो. म्हणजे तेव्हा दिवा हवा, दिव्यावर नजर ठेवणारा तापमापक हवा, आणि वीज हवी. वीज कधी जाते आणि केव्हा येते हे धूलकोटच्या श्रोत्यांना मी सांगावयास नको. पावसाळ्याचे दुखणे आणखी निराळे. जून अखेरपासून चार महिने हवा ओली असते, भिंतींना बुरशी चढते. आणि कोरड्या हवेसाठी घडलेल्या प्राण्याच्या छातीस आणि कातडीस ती ओल बाधते.

दिव्याबद्दल आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांना ठाऊक नसते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण अंगावर पडल्यावाचून या सरड्याच्या शरीरात 'ड' जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही. ते नसले म्हणजे अन्नातील चुना हाडांत उतरत नाही. हाडे मऊ पडतात, जबडा वाकतो, पाय थरथरू लागतात, शेवटी तो उभाही राहू शकत नाही. खिडकीपाशी पेटी ठेवून हे काम होत नाही, कारण साधी काच नेमके तेच किरण अडविते. त्यासाठी निराळा दिवा लागतो. तो उजळत राहिला तरी काही महिन्यांनी त्यातले ते किरण क्षीण होतात आणि दिवा बदलावा लागतो. डोळ्यांना हे दिसत नाही. पेटी उजळलेली, मुलगा संतुष्ट, आणि सरडा मात्र हळूहळू पंगू होत आहे, असे कित्येक घरांत घडते.

खाण्याचे म्हणाल तर पालेभाजी आमच्याकडे मुबलक आहे. शेवग्याचा पाला आहे, परसातला भोपळा आहे. पण वाढत्या वयाच्या दाढीवाल्या सरड्यास रोज किडे लागतात. मुलाने मला ऐटीत सांगितले की शेतात नाकतोड्यांची काय वाण! खरे आहे. पण ते शेत कापसाचे आहे आणि कापसावर हंगामात किती वेळा फवारणी होते हे त्याच्या वडिलांना विचारावे. फवारलेल्या शेतातला नाकतोडा म्हणजे विषाची पुडीच. काजव्यांविषयीही सांगतो, कारण मृगाच्या सुमारास मुले ते बाटलीत भरून आणतात: अमेरिकेत काजवा खाल्ल्यामुळे हे सरडे मेल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा किडे घरीच वाढवावे लागतात. म्हणजे एक प्राणी पाळावयाचा तर त्याच्यासाठी डबाभर रातकिडे पाळणे आले. मुलाची आई या डब्यास स्वयंपाकघराच्या आसपास फिरकू देईल असे मला वाटत नाही, आणि मी तिच्या बाजूचा आहे.

मुलगा आज चौदा वर्षांचा आहे. हा सरडा चांगला सांभाळला तर दहा वर्षे जगतो, कधी अधिकही. म्हणजे मुलगा चोवीस वर्षांचा होईपर्यंत. तोवर तो दहावी होईल, बारावी होईल, शिक्षणासाठी बऱ्हाणपूर, खंडवा, कदाचित इंदूर गाठेल. वसतिगृहात सरडा नेऊ देत नाहीत. मग तो सांभाळणार कोण? ज्यांनी तो कधी मागितला नाही ते. हौस एकाची आणि दिनचर्या दुसऱ्याची, असे पाळीव प्राण्यांच्या बाबतीत नेहमीच होते. गावठी कुत्रा असला तर तो अंगणात, गल्लीत आपली सोय पाहतो, पेटीतला सरडा ते करू शकत नाही. तो आजारी पडला तर जनावरांचे डॉक्टर आमच्याकडे आहेत. बैलाच्या खांद्याचे आणि शेळीच्या फुगलेल्या पोटाचे औषध ते उत्तम करतात. परंतु सरड्याचे दुखणे ओळखणारा डॉक्टर मोठ्या शहरातसुद्धा शोधावा लागतो.

आणि घरात लहान बहीण आहे, तीन वर्षांची. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यांत साल्मोनेला नावाचे जंतू पुष्कळदा असतात. प्राण्यास त्यांचा त्रास नसतो, माणसास होतो, आणि पाच वर्षांखालील मुलांस तो गंभीर होऊ शकतो. प्राणी हाताळल्यावर साबणाने हात धुणे हा उपाय सोपा आहे. तो दिवसातून दहा वेळा, दहा वर्षे पाळला जाईल काय, एवढाच प्रश्न.

हे सारे मी त्या मुलास सांगितले तेव्हा त्याने मला एक प्रतिप्रश्न केला. तो म्हणाला, "गावात सरडा दिसला की सगळे दगड मारतात. मी एकटाच मारत नाही. मग मी पाळला तर वाईट, आणि ते मारतात ते चालते?"

या प्रश्नापुढे थोडे थांबणे मला भाग पडले. मुलगा बोलतो ते खरे आहे. बागेतल्या सरड्याचा गळा माजाच्या दिवसांत लाल होतो, तेव्हा तो दुरूनच रक्त शोषतो अशी समजूत आहे, आणि पोरे त्यास ठेचून मारतात. घोरपडीचे कौतुक आम्ही तानाजीच्या आख्यायिकेत करतो आणि प्रत्यक्ष घोरपड दिसली की तिचे मांस आणि कातडी यांचा हिशेब मांडतो. अंगावर पाल पडली तर स्नान करावयाचे आणि चुकचुकली तर शकुन पाहावयाचा. माझ्या धर्मग्रंथातही याबाबत दोन सूर आहेत: लेवीय ग्रंथात सरड्या-पालींची गणना अशुद्ध प्राण्यांत केली आहे, आणि नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात मुंगी, शाफान आणि टोळ यांच्या पंक्तीस बसवून तिला पृथ्वीवरील लहान पण अतिशय शहाण्या चार प्राण्यांत स्थान दिले आहे. काही भाषांतरांत तेथे पालीऐवजी कोळी येतो. मला पालच अधिक पटते. अशा समाजात एका चौदा वर्षांच्या मुलास सरडा सुंदर वाटतो, ही गोष्ट लहान नाही. "पाळू नकोस" एवढेच सांगून आपण त्याचे ते प्रेमच मारून टाकू, ही भीती मला वाटते. ज्यांना या प्राण्यांचा पुढे अभ्यास करावयाचा असतो त्यांच्यापैकी पुष्कळांनी लहानपणी काही ना काही डब्यात ठेवलेले असते, हेही मी नाकारीत नाही.

परंतु प्रेमासाठी ऑस्ट्रेलियाच लागते काय? धूलकोटच्या टेकड्यांत जे आहे ते इंदुरातल्या कोणत्याही दुकानात नाही. सातपुड्यात एक जाड शेपटीची, अंगावर पट्टे व ठिपके असलेली, रात्री फिरणारी पाल आहे. घरातल्या पालीस पापण्या नसतात. हिला हलणाऱ्या पापण्या आहेत आणि ती खरोखर डोळे मिटते. तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नाहीत, म्हणून ती भिंतीवर चढत नाही, जमिनीवरच मांजरीसारखी दबकत चालते. रानातले लोक तिच्यासारख्या प्राण्यांना विषखापर म्हणून भितात आणि दिसताच मारतात. वास्तविक ती मुळीच विषारी नाही. ही जात निराळी आहे हे शास्त्राला कळले केव्हा? २०१४ साली. त्या वर्षी झीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिच्या शास्त्रीय नावात 'सातपुडा' हाच शब्द गुंफला. ताजमहालाबद्दल, अशीरगडाबद्दल आमची मुले पाठ म्हणून दाखवितात. आपल्या डोंगराचे नाव धारण करणाऱ्या या जिवाबद्दल एकालाही ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातले. सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तेथे राहणाऱ्या एका लहान सरड्याच्या नराच्या गळ्याखाली पंख्यासारखी रंगीत झालर असते. २०१६ साली शास्त्रज्ञांनी अशा सरड्यांचा एक नवा वर्ग ठरविला आणि त्याला नाव दिले 'सरडा'. आपला मराठी शब्द जसाच्या तसा जगाच्या शास्त्रात गेला. त्याच पठारावर मारिया ठाकेर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी पवनचक्क्यांजवळचे सरडे आणि त्यांच्यापासून दूरचे सरडे यांची तुलना केली. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी आढळले. म्हणून तेथे सरडे संख्येने अधिक होते, आणि माणूस जवळ आला तरी लवकर पळत नव्हते. २०१८ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष पेटीत ठेवलेल्या सरड्यापासून निघाला नसता. पठारावर, वाऱ्यात, पक्ष्यांच्या छायेखाली जगणारा सरडा पाहिला तेव्हाच तो हाती लागला.

म्हणून मी त्या मुलाच्या वडिलांना कळविले आहे ते असे. सांडा कोणत्याही परिस्थितीत आणू नये. आणि तो विक्रेता पुन्हा जत्रेत दिसला तर वनखात्यास कळवावे. दाढीवाला सरडा आणण्यास, कागद बरोबर असल्यास, माझी नैतिक हरकत नाही. पण या घरात, या हवेत, या विजेवर तो सुखाने दहा वर्षे जगेल असे मला वाटत नाही, म्हणून आणू नये. मामाला खर्च करावयाचाच असेल तर त्याने एक चांगला तापमापक, एक विजेरी आणि साधी दुर्बीण पाठवावी. बांधावरचा एक सरडा निवडावा. तो सकाळी किती वाजता बाहेर येतो, तेव्हा दगड किती तापलेला असतो, दुपारी तो कोठे जातो, गळा लाल केव्हा होतो, पावसाळ्यात मादी माती उकरून अंडी कोठे घालते, हे रोज वहीत टिपावे. जाड शेपटीच्या पालीसाठी रात्री विजेरी घेऊन जावयाचे असेल तर मोठ्या माणसाबरोबर, पायांत बूट घालून जावे. कारण त्याच दगडांत फुरसेही असते, आणि ते मात्र खरोखर विषारी आहे. पाल दिसली तर हात लावू नये, घरी आणू नये. जागा, वेळ आणि हवा लिहून ठेवावी.

ज्यांच्या घरी असा परदेशी सरडा आधीच आहे आणि ज्यांना तो आता जड झाला आहे, अशा श्रोत्यांसाठी दोन शब्द. कृपा करून त्याला 'मुक्त' करण्यासाठी रानात सोडू नका. बहुधा तो पहिल्या पावसाळ्यातच मरेल. आणि मेला नाही तर आपल्या रानातल्या प्राण्यांना नवे रोग देईल. तो ज्याला सांभाळता येईल अशा जाणकाराकडे रीतसर द्यावा किंवा वनखात्याशी बोलावे. तोवर त्याच्या पेटीत एक कोपरा उष्ण आणि एक कोपरा थंड ठेवावा, आणि आत एखादे उलटे कौल ठेवून त्याखाली त्याला लपण्यापुरता अंधार करून द्यावा.